कोरगूट

बांबोळीच्या ओपीडीत डॉक्टर सावर्डेकरबाई
केसपेपरच्या पाठीवर पेशी काढतात:
एक वाटोळं, त्याला एक कान.
"संप्रेरक हाक मारायचं, गाठ वाढायची.
तुमची गोळी त्या कानात बोळा होऊन बसली होती.
सहा वर्षं."
मग पेन थांबतं.
"आता त्यांना हाक लागत नाही, अनसूयाताई.
कुणी बोलावलं नाही तरी ओ देतात."

मी मान हलवते.
चोडणचं खाजन आठवतं,
मानशीची फळी मोडून खारं पाणी आत शिरलं ते वर्ष.
सगळं भात करपलं,
बांधाच्या कोपऱ्यात मूठभर लोंब्या तेवढ्या उभ्या.
बाबांनी त्याच बियाण्याला ठेवल्या.
"ह्या खऱ्या जातीच्या," म्हणाले,
आणि मुडी करकचून बांधली.

बाई नवं औषध लिहितात.
दर महिन्याला दोन सुया, कमरेखाली, दोन्ही बाजूंना.
"हे कानच मोडून टाकतं."
किती दिवस, ते मी विचारत नाही.

रायबंदरच्या फेरीत वारा भरपूर,
तरी आतून भाजतंय, पदर हलवत बसते.
कुष्टा गावकर सायकल टेकवून विचारतो,
यंदा पेरणार काय गो?

"बी आहे," म्हणते मी.
मग घाईघाईनं:
"मुडीत."