पीळ

फहाहीलला गाडी घेतली ती परकारभाईंकडून.
बिस्किटी रंगाची सनी, दोन लाख साठ हजार किलोमीटर,
एसी उत्तम, बाकी सगळं चालण्यापुरतं.
दीनार मोजून झाले तेव्हा त्यांनी डिकीतून
चांदीचं एक ताट काढलं,
ते हातातून सुटलं आणि फाडकन उलगडून
माझ्या छातीवर आदळलं.
"हा गाडीबरोबर. याचे पैसे नाहीत."

पुढच्या काचेला आतून लावायचा सनशेड.
वर कुठल्याशा विमा कंपनीची अरबी जाहिरात,
कोपऱ्यात पॅकिंगच्या टेपचं ठिगळ.
उघडतो आपणहून. मिटता मिटेना.
मी दाबला, गुडघा टेकवला,
एकीकडून बसला की दुसरीकडून उठायचा.
सिगरेट संपेपर्यंत परकारभाई बघत राहिले.
"भांडू नको त्याच्याशी. दोन कडा धर,
एक हात वर, एक खाली. पीळ दे.
गप होतो."
आणि झाला गप. वेढ्यात वेढा,
पोळपाटाएवढा.

डॅशबोर्ड उन्हानं राखाडी, भेगाळलेला.
मधोमध एक चौकोन मात्र
अजून काळाभोर, कारखान्यातून आला तसा.
काहीतरी चौदा वर्षं तिथं बसलं होतं.
मी विचारलं नाही.
मनातल्या मनात एकेक वस्तू ठेवून पाहिली,
कुराण, बायकोचा फोटो, होकायंत्र.
तोवर ते हर्णैला गेले. कायमचे.

जूनमध्ये भर दुपारी बाहेरची कामं बंद होतात,
गाड्यांना तेवढी सवलत नाही.
आमच्या यार्डात वाळूवर ओळीनं उभ्या,
डोळे आलेल्या माणसांसारख्या,
पट्ट्या बांधून, कुणाकडेही न बघता.

एकदाच विसरलो. ऑगस्टात.
संध्याकाळी दार उघडलं तर भट्टीचा वाफारा,
स्टिअरिंग धरवेना,
पट्ट्याच्या बकलनं बोटावर फोड आणला.
आणि मागच्या सीटवर शाल्मलीचे मेणखडू,
बाराच्या बारा, खोक्यासकट
शिवणीत उतरलेले.
महिन्याच्या व्हिसावर आली होती, शुक्रवारी गेली.
खडू राहू देत बाबा, पुढच्या वेळी लागतील, म्हणाली.
सगळे मिळून एक रंग झाला होता
ज्याचं नाव खोक्यावर नव्हतं.
गाडी धुणाऱ्या शफीउलनं इस्त्री फिरवली कागद ठेवून,
पेट्रोल लावलं, मग नुसती मान हलवली.
(मागच्या काचेतून ऊन आलं असणार.
म्हणजे शेड असता तरी.
हे मी शाल्मलीच्या आईला सांगितलेलं नाही.)

शेड आता जुना झालाय. चांदी सुटते,
खपल्या पँटवर पडतात,
आतल्या तारेचा पीळ तसाच.
आपल्याकडे सुंभाबद्दल बोलतात ते
नावं ठेवायला बोलतात.
इथं पार्किंगमध्ये उभं राहून
मला ते कौतुकाचं वाटलं.

एका रात्री परकारभाईंचा फोन लागला.
मागे कोंबडा, कुणाचं तरी भांडं पडलेलं.
चौकोनाचं विचारलंच शेवटी.
"तिथं? टिश्यूचा डबा रे!"
बराच वेळ हसले, मग खोकले.
"इकडे स्कूटर आहे. फणसाखाली लावतो,
कावळे घाण करतात. शेड आहे ना?"
आहे म्हटलं.
"मिटता येतो?"
येतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बकाल्यातून टिश्यूचा डबा आणला,
चौकोनावर ठेवला.
लहान पडला.
हल्लीचे डबे लहान असतात की काय,
चारी बाजूंनी बोटभर काळं उघडं राहिलं.

तेवढं राखाडी होऊ नये म्हणून
रोज सकाळी सव्वासहाला, इंजिन बंद करून,
मी दोन्ही हातांनी तो काचेला टेकवतो,
वरून सन-व्हायझर खाली ओढतो,
जाहिरात उलटी लागली असली
तरी तशीच ठेवतो.