कंपनीचं नाव नाही

वाटणीत बाबांचा बेंजो माझ्याकडे आला,
म्हणजे भावानं तो घेतला नाही, एवढंच.

खोक्यावर कुठंच कंपनीचं नाव नाही.
आत टॉर्च मारून पाहिलं :
धूळ, वाळलेलं झुरळ, पेन्सिलीनं लिहिलेलं ४३.
साल? किंमत? कुणाचा तरी नंबर?

गणेश पेठेत मुनाफ तांबोळींनी तो उलटा केला,
टिचकी मारली, कान लावला.
"सागवान. सुताराचं काम, कारखान्याचं नाही.
तारा नवीन घालून देतो.
पण ताई, ही बटणं वाद्याची नाहीत.
टाइपरायटरवाल्याला दाखवा."

घैसासांच्या क्लासची पाटी अजून आहे, क्लास नाही.
त्यांनी थिनरचा बोळा फिरवला.
बटणांवरचे लाल आकडे विरघळले
आणि काचेखालून अक्षरं वर आली :
च, ळ, त्र, एक काना.
"मराठी मशीन. कोर्टाबाहेरचं.
अर्ध्या श ची काच बघा कशी घासलीय.
शपथपूर्वक, शपथपूर्वक, दिवसभर दुसरं काय!"

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीलगत
बाबा दुसऱ्यांच्या शपथा टाइप करायचे.
एका उन्हाळ्यात मशीन चोरीला गेलं.
आई मला कडेवर घेऊन फरासखान्यात खेपा घालायची,
हवालदार म्हणायचा, बाई, शोध चालू आहे.
त्याच वर्षी बाबा बेंजो पार्टीत लागले,
वरातीच्या ट्रॉलीवर, जनरेटरच्या शेजारी.

म्हणजे चोर आमच्याच घरात जेवत होता.

मी हसले. घैसासही हसले,
बोळा आठव्या बटणावर ठेवला,
आणि मी त्यांचा हात धरला.
लाल रंगात आठ.
वरची रेघ लांब ओढलेला, शेपूट आत वळलेला,
किराण्याच्या यादीत, दुधाच्या कॅलेंडरवर
आई काढायची तसा आठ.
तिचंच नेलपॉलिश. लग्नातलं, एकुलतं एक.

"पुसू नका," म्हटलं.
"अहो, पण मूळ अक्षर..."
"राहू द्या."

सात गेले. सतरा शिल्लक आहेत.
कोणत्या साली रंगवले, तक्रारीच्या आधी की नंतर,
हे विचारायला आता घरात कुणी नाही.

तांबोळींनी तारा घातल्या. सा लावून दिला.
सा येतो ळ वर.
ळ नं सुरू होणारा शब्द मराठीत नाही,
शाळेत बाई सांगायच्या.
मी ते बटण दाबते.
शेजारचे दार वाजवतात, मी पुन्हा दाबते.