दार बंद

चार फोटो आहेत, एकाच आकाशाचे,
दहा-दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेले,
कुठल्या तरी दूरच्या डोंगरावरच्या दुर्बिणीतून.
मी ते लॅपटॉपवर एकामागून एक फिरवते
तांडापेठेतल्या गच्चीवर, मे महिन्यात, रात्री दोनला.
खाली कूलर पाणी संपल्यासारखा खरखरतोय
आणि सगळे तारे जागच्या जागी आहेत,
एक ठिपका सोडून.

तो सरकतो.
तांदूळ निवडताना एक दाणा चालायला लागावा, तसा.

बाबांना उठवलं नव्हतं, पण ते उठलेच.
"काय करून राहिली बाई? झोप नाही काऊन?"
दाखवला. कपाळावरचा चष्मा त्यांनी खाली घेतला.
"केवढा?"
आपल्या गल्लीच्या तोंडाशी टेकला
तर सायकलही निघणार नाही, एवढा.
"न गेला कुठून?"
चंद्राच्या अलीकडून, गेल्या गुरुवारी,
आपण इथेच कुरडया वाळत घालत होतो तेव्हा.
ते थोडा वेळ गप्प.
"कोणालेच पत्ता नाही," म्हणाले.

तीन रात्री मिळाल्या, तीन रात्रींचे अकरा ठिपके.
त्यावरून जाणकारांनी त्याची वाट आखली:
सूर्याभोवती एक फेरी, एक वर्ष आणि वर एक महिना,
आपल्या वाटेला एका वळणावर अंग घासून जाणारी.
म्हणजे आपल्या तेरा फेऱ्या होतील तेव्हा त्याच्या बारा,
आणि मग पुन्हा याच वळणावर, कदाचित.
मग तो बारीक झाला, सूर्याच्या बाजूला उतरला,
उजेडात.
तिकडे रात्रीची दुर्बीण बघू शकत नाही.
आता दर महिन्याला त्याची जागा
सोऱ्यातून निघाल्यासारखी लांबत जाईल:
इथे असेल, नाहीतर तिथे, नाहीतर या दोन्हींच्या मधे कुठेही.

"सरासरी बिल," बाबा म्हणाले.

एकतीस वर्षं त्यांनी मीटर वाचले,
गोळीबार चौक ते मस्कासाथ,
दातात टॉर्च, काखेत वही.
जिन्याखालचे, संडासामागचे, देव्हाऱ्याला खेटून बसवलेले.
कुलूप असलं की शेऱ्यात लिहायचं, दार बंद,
आणि ऑफिस मागच्या महिन्यांवरून आकडा लावायचं.
"चुकतेच तो. लोकं मलेच भांडत."

मग मी न विचारताच एक घर सांगितलं,
मस्कासाथचं, पराते नावाचं.
सतत कुलूप. दोन वर्षं दार बंद, दार बंद.
जाळीतून मीटर दिसायचा, आकडे नाही, काचेवर धूळ.
पण आतली ती चांदीसारखी चकती
हळू हळू फिरत असायची,
कडेवरची काळी खूण समोर यायची,
आणि जायची.

आत कोण होतं?

"माह्यं काम मीटरचं होतं बाई, घराचं नव्हतं."
आणि थोड्या वेळानं,
"पण ती खूण एक डाव समोर येईस्तोवर
थांबून राहात होतो मी. 
उन्हाचं. काऊन, ते मले नाही मालूम."

आता चकत्या गेल्या.
नव्या मीटरात लाल दिवा लुकलुकतो
आणि त्याच्यासमोर कुणी थांबत नाही.

बाबांच्या ट्रंकेत एक कोरी वही निघाली, जुन्या रकान्यांची.
ग्राहक क्रमांकाच्या जागी मी त्याचा तात्पुरता नंबर घातला,
तारीख, शेवटचं वाचन,
आणि शेऱ्यात लिहिलं: दार बंद.
बाबांनी बोटांवर तेरा मोजले,
चौऱ्याऐंशीला अडखळले, पण बोलले नाहीत.
वही मात्र ओढून घेतली,
माझ्या दोन शब्दांपुढे त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात
लिहिलं: चकती चालू.

मग आम्ही कूलरमध्ये पाणी टाकायला खाली गेलो.