तारीख

पोस्टमन आता बेल वाजवत नाही,
"आलंय बघा तुमचं," म्हणत चहाला टेकतो.

शिरगुप्पे सल्लागारांनी तेव्हा
मिसळीच्या बिलामागं गणित मांडलेलं:
मजुरी म्हणून नको, कर्ज म्हणून उचला,
कर लागतच नाही.
उद्यमनगरातले आम्ही सात ठेकेदार
पाव कटात बुडवत हो म्हणालो.

त्यांच्या ऑफिसात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

अकरा वर्षं. चौथा अधिकारी.
प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं.
व्याजाची मात्र कधी बदली होत नाही.

रावसो गेला.
रक्षाविसर्जनाच्या दिवशीच
त्याच्या नावचा लिफाफा आला.
वहिनींनी सही केली, मला विचारलं,
"ह्यांनी हजर राहायचंय का?"

मी तारीख वहीत उतरवून घेतली.