पहाटे गाडी बसलेली असते

रात्री ताठ उभी करून आलेलो असतो.
सकाळी बघावं तर डावीकडचं पुढचं चाक
मडगार्डनं गिळलेलं,
रवंथ करायला म्हैस टेकावी
तशी टेकलेली माझी काळी मर्सिडीज,
कोर्चाच्या थंडीत, शेजाऱ्याच्या सफरचंदांच्या पेट्यांना लागून.

किल्ली फिरवायची. थांबायचं.
खाली कुठेतरी पंप कुरकुरतो
आणि ती उठते, आधी मागून, मग पुढून,
उठून झाल्यावर एक सुस्कारा सोडते.
हा सुस्कारा घेताना पावतीवर नव्हता.
वयाबरोबर आला.

उल्म गावच्या कुणा डॉक्टरची ही.
दुर्रेसला बोटीतून उतरवून घेतली तेव्हा
ॲशट्रेत पार्किंगचं तिकीट होतं, चाळीस मिनिटांचं.
अजून तिथंच आहे.
चाळीस मिनिटांत तो कुठे जाऊन आला असेल,
लांबच्या रस्त्याला लागलो की हे डोक्यात येतं.

एकशे अकरा नवऱ्या नेल्या मी हिच्यातून.
झग्याचा घोळ अडकू नये म्हणून दार मीच लावायचो,
लावायचो म्हणजे नुसतं लोटायचो,
उरलेलं बोटभर अंतर ती स्वतः मिटायची,
झोपेत ओठ मिटतात तसं.
आता चारांतलं एकच दार हे करतं.
कुठलं, ते थंडीवर ठरतं.

"वांजेल," सोतीर गाडीखालूनच म्हणाला,
"हवेच्या पिशव्या तिसऱ्यांदा गेल्यात.
दोघींच्या पैशात मी तुला चालती फियाट आणून देतो.
नाकापेक्षा मोती जड झालाय, बाबा.
पोलादी स्प्रिंगा टाकू. विषय संपला."
मी म्हटलं, विचार करतो.

गेल्या हिवाळ्यात थेस्सालोनिकीच्या दवाखान्यात
बायकोच्या गुडघ्याविषयी
हेच झालं होतं, जवळपास याच शब्दांत.
मी तेव्हाही म्हटलं, विचार करतो.
मार्येता म्हणाली, "गुडघा माझा आहे. टाका."
आता मुलीकडे मिलानला जाताना विमानतळावर ती वाजते,
आणि बटाट्यांची पिशवी चढणीवरून एकटी आणते.

"तुला गाडी चालवायचीय," तिनं विचारलं,
"की तिचं कण्हणं ऐकत बसायचंय?"
उत्तर सुचेना,
म्हणून सोतीरला फोन लावला.

दोन दिवस लागले.
काढलेली पिशवी त्यानं बादलीत बुडवून दाखवली.
नखाएवढी चीर. तिच्यातून बुडबुडे,
एकेक, सावकाश, घाई नसल्यासारखे.
एवढ्याशा जागेतून अख्खी गाडी
रोज रात्री खाली जात होती.

आता ती उभी असते.
वोस्कोपोयाच्या वाटेवरचे खड्डे
जे इतकी वर्षं मला माहीतच नव्हते
ते एकेक करून माकडहाडाला ओळख सांगतात.
आणि काट्यांच्या खाली, लाल अक्षरांत, जर्मनमध्ये,
थांबा, गाडी फार खाली आहे.
तिला कुणी सांगितलंच नाही.
सोतीर म्हणाला, तार काढतो, दिवा विझेल.
मी म्हटलं, राहू दे,
तेवढं एक तरी तिच्या मनासारखं.

पहिल्या सकाळी पान्देली बाल्कनीत आला,
हातात कॉफी, रोजच्यासारखा,
गाडी उठताना बघायला.
मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं.
त्यानं वाट पाहिली.
"काय रे," वरून म्हणाला, "गेली की काय?"
"गेली कशी? उभी आहे ना."
"म्हणून तर विचारतोय,"
म्हणाला, आणि कॉफी घेऊन आत गेला.

रविवारी एकशे बारावी.
उंच टाचांची आहे म्हणतात.