ठराव क्रमांक सात

कॅम्पातल्या चर्चमागच्या हॉलमध्ये
पंखा फिरतो, कागद उडू बघतात,
त्यांच्यावर गायनपुस्तकं ठेवलीत.
मी चिटणीस. माझ्याकडे पेन, पट्टी
आणि साय धरलेला चहा.

विषय सात : कोनेवाडी महिला बचत गट,
रताळी धुण्याचं यंत्र.
अर्ज तिसऱ्यांदा आलाय.
पहिल्यांदा मराठीत होता म्हणून परतला,
दुसऱ्यांदा कन्नडमध्ये आला, पण शिक्का पुसट.
आता इंग्रजीत आहे,
आणि टायपिस्टनं रताळ्याचा बटाटा केलाय.

रेव्हरंड हळ्ळूर चष्मा पुसतात.
खजिनदार गुडेकोटी तीन दरपत्रकं
पत्त्यांसारखी मांडतात.
"लोकवर्गणी किती?"
रूथबाई कणबरकर डबा उघडतात.
मोजायला वीस मिनिटं लागली :
दोन हजार सातशे नव्वद,
शिवाय बंद झालेली एक जुनी नोट.
तीही मी लिहून घेतली.

"अकराजणींत मंडळीतल्या किती?"
"चार," रूथबाई म्हणाल्या,
"खरं पाण्यात बावीस पाय असतात, साहेब.
नोव्हेंबरात पहाटे चारला
मार्कंडेयात उतरताव आमी.
मार्केटला गाडी जायच्या आत
तुडवून तुडवून धुताव."
मल्लव्वानं कुणी न सांगता चप्पल काढली.
टाचेच्या भेगेत माती होती,
आजची नव्हे.
गुडेकोटींनी दरपत्रकं गोळा केली.

मग निधी.
धारवाडहून येणारी रक्कम यंदा निम्मी.
तेवढ्यात ड्रम बसतो, मोटर बसत नाही.
अर्धा तास त्या मोटरवर गेला,
जी कुणाकडेच नव्हती.
शेवटी कोपऱ्यातून सायकलवाले बेंजामिनअण्णा :
"पायडल लावू की. चेन हाय माझ्याकडं."

सूचक : श्री. बेंजामिन.
अनुमोदक म्हणून मी वर बघितलं,
तर तीन हात एकदम वर.
नियमानं एकच नाव लागतं.
तिन्ही लिहिली.

लाभार्थींच्या रकान्यात
आधी अकरा लिहिलं, खोडलं,
बावीस लिहिलं.
वरच्या समितीकडून शेरा येईल,
खुलासा मागतील,
तेव्हा बघू.

दारात रूथबाई विचारत होत्या,
"म्हंजे पायानंच चालवायचं परत?"
मल्लव्वा वाकून चप्पल शोधत होती.
"खरं कोरड्या पायानं," ती म्हणाली.

हे इतिवृत्तात घेता आलं नाही.
प्रार्थना होऊन सभा संपली होती.