किलोमीटरला सोळा

विद्यापीठाच्या थर्मामीटरनं परभणीत सहा पूर्णांक दोन दाखवलं,
त्या रात्री मानवतला आमच्या पुढच्या खोलीत
गाडीची बैठक बसली.

जिनिंगमधला माझा हिशेब पक्का,
म्हणून वही माझ्याकडे.
एर्टिगा : तेरा रुपये. सहा जण,
लेकरू मांडीवर घेतलं तर सात. डिक्की नावाला.
क्रुझर : सोळा. मागं समोरासमोर बाक,
घाटात गुडघ्यांची भांडणं.
ट्रॅव्हलर : चोवीस. ती ओळ मी मोठ्यानं वाचलीच नाही.
जाऊन-येऊन तेराशे किलोमीटर,
ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, टोल वेगळा.
‘आणि समुद्र फुकट,’ दाजी म्हणाले.

आत बायकांचं दुसरंच गणित चाललेलं.
शारदा म्हणते, कोकणात थंडी नसते म्हणे, स्वेटर कशाला?
ताई म्हणते, घाट उतरेपर्यंत काय कुडकुडत बसायचं?
म्हणजे एक रात्र अंगावर
अन् चार दिवस ओझं.
चेन गेलेल्या बॅगेला परकराची नाडी.
धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, येसराची पुडी.
‘तिकडं काय उपाशी मारतात का?’ दाजी ओरडले,
तर ताईनं त्यांच्याच नावानं आणखी दहा धपाटे थापले.
ओम्यासाठी उलटीच्या पिशव्या. शरयूच्या हातात
एक रिकामी बरणी, कशाला ते सांगेना.
बापूंनी फक्त पंचा घेतला, कानटोपी घेतली
आणि बँकेची सगळी पासबुकं.
घर बंद करून जायचं तर कागद जवळ असावेत, म्हणाले.

रुखमाआत्या चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती.
‘मी राहते की घरी.
शेळी गाभण आहे, कुणीतरी पाहिजेच.
अन् समुद्र म्हणजे काय, पाणीच ना?
येलदरीचं धरण बघितलंय मी.’
कुणी काही बोललं नाही.
मी तेराच्या खाली रेघ ओढली.
खरं सांगतो, हायसं वाटलं.

रात्री ताडपत्री शोधायला
तिच्या बाजेखाली हात घातला
तर हाताला पिशवी लागली.
दोन लुगडी, इस्त्री केल्यासारखी चापून घडी घातलेली,
गुडघ्याचं तेल, दातवणाची डबी,
आणि कोऱ्या रबरी चपला.
वाळूत चालायच्या. वरचं स्टिकर तसंच, एकशे चाळीस.
कधी आणल्या असतील बाजारातून?
पिशवी होती तशी सरकवली.
ताडपत्री मिळाली नाही, असं शारदाला सांगितलं.

सकाळी शेख जिलानीला फोन लावला.
‘पंधरा लाव.’
‘डिझेल बघा की भाऊ.’
सोळा.
घरात सांगितलं, एर्टिगावाला फिरला.
आत्याला म्हणालो, एक सीट रिकामी जायलीय,
पैसे तर तेवढेच लागायलेत.
शेळी मुंजाजीकडं बांधू.
‘आता ऐन वेळी कुठं भरू मी सामान?’
असं बडबडत ती खोलीत गेली,
आतून कडी लावली,
आणि भरलेली पिशवी भरायला
तिनं अर्धा तास घेतला.

पहाटे चारला क्रुझर दारात.
वर कॅरिअरला बॅगा, त्यावर खताच्या पोत्यांची शिवलेली झूल,
तीन ठिकाणी गाठी, चौथी जिलानीनं सोडून नीट बांधली.
काचा धुरकटलेल्या. शरयूनं बोटानं मासा काढला.
‘भाऊ, हीटर नाही बरं का.’
चालतंय म्हणालो. आठ जण असे बसलो होतो
की कुणाचा हात कुणाच्या घोंगडीत, कळेना.

तेरा आणि सोळात तीनचा फरक,
गुणिले तेराशे, तीन हजार नऊशे.
मोबाइलच्या उजेडात वही उघडली.
कोणत्या खात्यावर टाकावेत?
‘किरकोळ’ लिहिलं. खोडलं.
पाथरी मागं गेली तरी रकाना रिकामाच.

समोरच्या बाकावर आत्या,
तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकलेले.
माजलगावच्या अलीकडं तिनं हळूच विचारलं,
‘मुंजाजीनं शेळीला पाणी ठेवलं असंल ना रे?’
दाजी झोपेतच उठून बसले :
‘आला का समुद्र?’